चौथा रकाना

३ मार्च, सोमवार

आले एकदाची! दोन बॅगा, एक गादी, एक कुकर आणि एक भिंगरी, एवढा आमचा संसार एका टेम्पोत मावला आणि वर टेम्पोवाल्याला पाय पसरायला जागा उरली. भिंगरी म्हणजे माझी लेक. वय वर्षं नऊ. ती दोन मिनिटं एका जागी बसली तर ताप तर नाही ना, म्हणून मी कपाळाला हात लावून बघते. कागदावरचं नाव वेगळं आहे, पण त्या नावाने हाक मारली की ती मागे वळून दुसरंच कुणीतरी शोधते.

खोल्या दोन, ऑफिसच्या मागच्याच गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. नळ आधी खोकतो, मग पाणी देतो. स्वयंपाकाच्या खिडकीतून तिच्या नव्या शाळेचं फाटक दिसतं, म्हणजे डबा विसरली तर वरून ओरडायची सोय झाली.

उद्यापासून नोकरी, गरजूंना मदत मिळवून देणाऱ्या ऑफिसात. लोकांच्या घरी जायचं, त्यांना काय हवंय ते विचारायचं आणि लिहून आणायचं. नवऱ्याला नऊ वर्षांत एकदाही जे सुचलं नाही, ते करायचा मला पगार मिळणार. तो आता दुसऱ्या गावी दुसऱ्या संसारात आहे. तिथे तरी विचारत असेल अशी आशा करू या.

माझ्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणतात. आधीच्या नोकरीत, दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीत, एका मोठ्या डॉक्टरला मी सगळ्यांसारखं रांगेत उभं केलं होतं. त्या दिवसापासून माझे दिवस भरले. या वेळी जिभेला लगाम घालायचा असं ठरवलंय. हे ऐकून भिंगरी इतकी हसली की तिला उचकी लागली.

४ मार्च, मंगळवार

साहेब बरे वाटले. सडपातळ, मृदू बोलणारे. डावा कान पार गेलेला, त्यामुळे बोलणाऱ्याला नेहमी उजवीकडे बसवतात. त्यांनी तासभर मला गरजपत्रक शिकवलं. पिवळा कागद, चार रकाने. गरज काय, किती निकडीची, काय केल्याने भागेल, आणि चौथा, कोण भागवणार.

नियम मोजके. माणूस बोलेल त्याच शब्दांत लिहायचं, आपले शहाणे शब्द घुसडायचे नाहीत. समोर बसून लिहायचं, घरी येऊन आठवून लिहायचं नाही. उठण्याआधी आणखी काही हवंय का, हे विचारायचंच. नाव फाईलच्या बाहेर कुठेही काढायचं नाही, म्हणून या वहीतही मी कुणाचं नाव लिहिणार नाही. आणि चौथ्या रकान्यात विभागाचं नाव घालायचं, संस्थेचं घालायचं, स्वतःचं कधीही नाही. का, असं विचारलं तर म्हणाले, माणसाचं नाव लिहिलं की माणसालाच धरतात. मला वाटलं तपासणीवाल्यांबद्दल बोलतायत.

फाईलकाका तळमजल्यावरच्या खोलीत बसतात. आलेल्या कागदावर आवकचा शिक्का मारणं हे त्यांचं काम, आणि ते शिक्का असा मारतात की टेबलावरचा चहा हिंदकळतो. त्यांनी मला पहिली केस दिली. फाईल उचलून दिली नाही, ढकलून दिली. एकट्या राहणाऱ्या एक बाई, वय शहात्तर, घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावर तिसरा मजला. अकरा वर्षांत अकरा गरजपत्रकं. प्रत्येकात चौथा रकाना, संबंधित विभाग. प्रत्येकाला विभागाचं उत्तर एकच शब्द, विचाराधीन.

अकरा वर्षं विचार करतायत. माझं डोकं तिथेच तापलं.

६ मार्च, गुरुवार

गेले. जिना अरुंद, कठडा हलतो. बाईंनी दार उघडायला चार मिनिटं घेतली आणि उघडल्यावर पहिलं वाक्य, तूही बाराव्यांदा तेच विचारायला आलीस का, असं.

खोली स्वच्छ. एक खाट, एक खुर्ची, खिडकीत वाळत घातलेला एकच मोजा. दुसरा कुठे, असं मी विचारलं तर म्हणाल्या, तो शोधायला वाकावं लागेल, आणि वाकले तर उठवायला तू रोज येणार आहेस का? मी खाटेखाली शिरून मोजा काढला. तेव्हा कुठे बसायला सांगितलं. मी आजी म्हटलेलं त्यांना खपलं नाही. मी कुणाची आई झाले नाही, आजी कुठून होणार, बाई म्हण, म्हणाल्या. म्हणून बाई.

त्यांच्याच शब्दांत लिहिलं. एक, रात्रभर टक्क जागी असते, झोप हवी. दोन, गुडघा जिन्यावर दगा देतो, धड गुडघा हवा. तीन, डाव्या डोळ्यापुढे धुकं आहे, दिसायला हवं. चार, उजवा हात इतका कापतो की स्वतःची सही येत नाही, अंगठा लावावा लागतो. शिकलेली बाई मी, अंगठा लावताना मेल्याहून मेल्यासारखं होतं, असंही म्हणाल्या. तेही लिहिलं.

चौथ्या रकान्याशी आले आणि माझा हात थांबला. पुन्हा संबंधित विभाग लिहायचं? पुन्हा विचाराधीन? ही बाई मरेपर्यंत विचार करतील ते. मी सरळ लिहिलं, तूर्त मी. चारही ओळींत. अर्थ एवढाच की विभागाची व्यवस्था होईपर्यंत धावपळ माझी. बाईंनी कागद नाकाशी नेऊन ते दोन शब्द बराच वेळ वाचले. मग अंगठा लावला.

निघताना एक कोरं पुरवणी पान तिथेच ठेवलं, आणखी काही आठवलं तर कुणाकडून लिहून ठेवा म्हणून. खाली माझी सही आधीच केलेली होती. दवाखान्यातली सवय. दहा दहा कागदांवर आधीच सह्या करून ठेवायच्या म्हणजे ऐन वेळी खोळंबा होत नाही.

७ मार्च, शुक्रवार

साहेबांनी गरजपत्रक बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. म्हणाले, फाडा हे, नवीन करा. मी म्हटलं, आवक शिक्का बसलाय. ते स्वतः खाली धावले. काकांनी शिक्का सकाळीच मारला होता, आणि शिक्का बसलेला कागद फाडता येत नाही. मग साहेब माझ्यावर चिडले, म्हणजे त्यांना जितकं चिडता येतं तितकं. मी ठणकावून सांगितलं की अकरा वर्षं कुणी हललं नाही, आता मी हलतेय तर आडवे येऊ नका.

जिभेचा लगाम चार दिवस टिकला. भिंगरी म्हणते, एवढे दिवस म्हणजे विक्रमच.

११ मार्च, मंगळवार

पाच रात्री डोळ्याला डोळा नाही. नवी जागा, नवी गादी, असेल काहीतरी. आज ऑफिसात मी चहात मीठ घातलं आणि पिऊन टाकलं, कळलंही नाही.

बाईंकडे गेले होते. गाल वर आलेत त्यांचे. म्हणाल्या, गुरुवारपासून अशी झोप लागते की दूधवाला दार बडवून जातो तरी कळत नाही. मला खरंच आनंद झाला.

१३ मार्च, गुरुवार

सकाळी शाळेच्या पायऱ्यांवर उजवा गुडघा अचानक दुमडला आणि मी सगळ्या पालकांसमोर बसकण मारली. भिंगरीने मला उठवलं आणि आईला आता काठी घेऊन देऊ या असं तिच्या मैत्रिणीला सांगितलं. वय सदतीस माझं. डॉक्टरांनी फोटो काढला, गुडघ्यात काही नाही म्हणाले.

परतताना घड्याळाच्या दुकानासमोर बाई दिसल्या. रस्त्यावर. तीन मजले उतरून सुईदोरा घ्यायला आल्या होत्या. त्यांनी लांबून हात केला. मीही केला. मग तशीच उभी राहिले, कारण मला पटकन चालता येईना.

१७ मार्च, सोमवार

डाव्या डोळ्यापुढे धुकं आलंय.

शांतपणे लिहिते. एक झोप, दोन गुडघा, तीन डावा डोळा. मी खाली जाऊन फाईल काढली आणि माझंच अक्षर बोट ठेवून वाचलं. क्रम तोच. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, साहेबांना त्यांच्या कानाबद्दल एकदा विचारून बघा.

विचारलं. साहेब बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत बसले. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनीही तूर्त मी असं लिहिलं होतं. एक म्हातारे मास्तर, ऐकू येत नसलेले. कानाचं यंत्र मिळेपर्यंत तूर्त. यंत्र यायच्या आधी मास्तर गेले. कान परत आला नाही. तेव्हापासून ते सगळ्यांना फक्त विभाग लिहायला लावतात. मी विचारलं, खरं कारण पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? म्हणाले, तुम्ही विश्वास ठेवला असता का?

नसता ठेवला. तरी सांगायला हवं होतं. मला भीती वाटायला हवी, पण आधी संताप येतोय.

१८ मार्च, मंगळवार

बाईंकडे गेले आणि सरळ विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. त्यांच्या शब्दांत लिहिते. मी काही घेतलं नाही गं, तू दिलंस. अकरा वर्षं ते विभाग लिहीत होते. विभागाला कुठे गुडघा असतो? तू पहिली जिने माणूस लिहिला.

मी म्हटलं, तूर्त लिहिलंय. त्या म्हणाल्या, तूर्तच आहे. तुझ्या विभागाने व्यवस्था केली की घेऊन जा तुझं. केलीय का त्यांनी?

एवढी चीड मला नवऱ्याचीही आली नव्हती. बाईंची नाही, विचाराधीन या शब्दाची. ठीक आहे. करवून घेते व्यवस्था. बघतेच.

२० मार्च, गुरुवार

आज मी साहेबांच्या टेबलावर बसले. खुर्चीवर नाही, टेबलावर. नेत्रविभागाला फोन लावा म्हटलं, नाहीतर मी इथून हलणार नाही. त्यांनी लावला. पलीकडून विचाराधीन असं ऐकू आलं तेव्हा मी फोन हिसकावला आणि त्या माणसाला विचार करायला आणखी किती वर्षं लागतील ते आकड्यात सांगायला लावलं. पाऊण तास. शेवटी २४ तारीख मिळाली, शस्त्रक्रियेची. सगळं ऑफिस दारात जमलं होतं. काकांनी माझ्यासाठी चहा आणला, पहिल्यांदाच.

२४ मार्च, सोमवार

बाईंना मीच घेऊन गेले. म्हणजे त्यांनी मला नेलं, कारण गुडघा त्यांचा चालतो. साडेअकराला डोळा झाला. बाराला माझं धुकं विरलं! दवाखान्याच्या भिंतीवरचा बारीक छापलेला तक्ता मी एका दमात शेवटपर्यंत वाचून काढला आणि नर्सने मला गप्प बसायला सांगितलं.

म्हणजे लढता येतं. डोळा आणला, गुडघाही आणीन, झोपही आणीन. हाडांच्या विभागात उद्यापासून ठाण मांडते. भिंगरीला उचलून गोल फिरवलं. गुडघा बोंबलला, बोंबलू दे.

२५ मार्च, मंगळवार

हात सुरू झाला. उजवा. हे लिहायला अर्धा तास लागला, ओळी सगळ्या नाचतायत. अपेक्षित होतं, चौथी गरज तीच. घाबरणार नाही.

बाईंकडे पट्टी बदलायला गेले होते. त्या एका कागदावर सही करत बसल्या होत्या. पुन्हा पुन्हा तीच, सुरेख, वळणदार. रडत होत्या. मलाही भरून आलं, खोटं कशाला लिहू. मी तिथे माझं सगळं घालवून बसलेय आणि मला त्या बाईसाठी बरं वाटत होतं.

आणि मग, उठताना, सवयीने तोंडातून निघून गेलं. आणखी काही हवंय का?

त्यांनी पेन खाली ठेवलं. खिडकीबाहेर शाळा सुटत होती. म्हणाल्या, मला आई म्हणणारं कुणीतरी हवंय.

मी लिहिलं नाही. वही बंद केली. हे मिळणार नाही असं तोंडावर सांगितलं आणि निघाले. खालच्या पायरीवर आल्यावर आठवलं. पुरवणी पान. ते मी त्यांच्याकडे ठेवलंय, सही करून.

२६ मार्च, बुधवार

सकाळी जाऊन पान मागितलं. बाई म्हणाल्या, हरवलं असेल. त्या बोलताना माझ्याकडे बघत नव्हत्या. खाटेखाली, गादीखाली सगळीकडे शोधलं. नाही.

२७ मार्च, गुरुवार

काका वर आले. ते कधीच वर येत नाहीत.

बाई काल दुपारी स्वतः चालत ऑफिसात आल्या होत्या. पान दिलं. काकांनी शिक्का मारला आणि मग वाचलं. सवयच ती, आधी शिक्का मग डोळे. आता हात जोडून उभे आहेत माझ्यासमोर.

पान बघितलं. गरज, आई म्हणणारं कुणीतरी हवं. निकड, फार. कोण भागवणार, तूर्त मी.

अक्षर माझं. हुबेहूब माझं. त्यांच्याकडे माझाच हात आहे ना. आणि खाली सही माझी, ती तर खरीच आहे.

साहेबांना विचारलं, याची व्यवस्था कोणता विभाग करतो? त्यांनी विभागांची यादी माझ्यापुढे सरकवली. मुलगी देणारा विभाग नाही. म्हणजे हे तूर्त कधी संपणार नाही.

एकच वाट. बाईंनी स्वतः लिहून द्यायचं की गरज उरली नाही. तीन वेळा गेले. दार उघडलं नाही. आत गुणगुणत होत्या.

२८ मार्च, शुक्रवार

भिंगरीने आज सकाळी मला अहो म्हटलं.

चेष्टा असेल. चेष्टेखोरच आहे ती. मी म्हटलं, काय गं टवळे. ती हसली नाही. तुम्ही मला शाळेत सोडणार का, असं विचारलं.

तुम्ही.

२९ मार्च, शनिवार

डाव्या हाताने लिहितेय. उजवा पेन धरत नाही.

तिने पाणी प्यायच्या आधी मला विचारलं. घेऊ का, म्हणाली. पाहुण्यांकडे विचारतात तसं. मी तिच्या जन्माची गोष्ट सांगितली. तिची आवडती, नर्सवर मी कशी ओरडले ती. तिने नीट ऐकली. छान आहे, म्हणाली.

मी ओरडले तिच्यावर. आई म्हण, म्हण म्हटलं. ती घाबरून दाराशी गेली. असं करायला नको होतं. असं करायला नको होतं मला.

३० मार्च, रविवार

ती खिडकीत बसून आहे. दोन तास. हलत नाही.

कपाळाला हात लावला. ताप नाही.

लावू दिला तिने हात, पण अंग चोरून. मी भिंतीवर मूठ आपटली. दुखली. बरं वाटलं. अजून काहीतरी आहे माझ्यात जे मला—

३१ मार्च, सोमवार. दुपार

खिडकीत उभी होते. शाळा सुटली. फाटक. ती बाहेर आली आणि डावीकडे वळली. घर उजवीकडे.

हाक मारली. वरून. कागदावरच्या नावानेसुद्धा. वळली नाही.

फाटकावरच्या मावशी म्हणतात, तिची आई आली होती ना न्यायला. हात धरून गेल्या दोघी. पोरगी उड्या मारत होती.

उड्या—

३१ मार्च. ऑफिस

साहेब म्हणतात, बसा, पाणी घ्या, वरच्यांना कळवू. विचाराधीन होईल तेही. नको.

काकांना कोरं गरजपत्रक मागितलं. कशाला हवंय, असं त्यांनी विचारलं नाही. मी विचार केलाय. झोप गेली, गुडघा गेला, हात गेला, लेकही बाई घेऊन गेल्या. पण त्या यादीत राग नव्हता. राग कुणी मागितला नाही माझ्याकडे. त्याला रकाना नाही. तो अख्खा आहे अजून, जसाच्या तसा.

डाव्या हाताने भरलं. लाभार्थी, मी. गरज, माझी मुलगी. निकड, आत्ता. काय केल्याने भागेल, मी जाऊन घेऊन येईन. कोण भागवणार, मी. तूर्त लिहिलं नाही. तूर्त कशाला? कायम मी.

साहेब म्हणाले, असं नियमात नाही, स्वतःची पाहणी स्वतः करता येत नाही. मग काकांनी शिक्का मारला. चहा सांडला टेबलभर. ते साहेबांना म्हणाले, बसलाय आता शिक्का, फाडता येत नाही.

३१ मार्च. जिन्यात

तीन मजले. बसून बसून चढले. पायरीवर बसायचं, हाताने ढकलायचं वर. दुकानदार बघत होता. बघू दे.

समोर बसून लिहायचं. आठवून नाही. म्हणून दारासमोर बसून लिहितेय. पिवळा कागद मांडीवर, वही त्यावर.

आतून दोन आवाज. एक माझ्या लेकीचा. हसतेय.

बाईंचा राग करावा असं म्हटलं तर होत नाही. सबंध आयुष्य कुणी आई म्हटलं नाही. कळतं मला. पण कळलं म्हणून देऊन टाकू? नाही देणार.

कडी वाजवली.

बडवलं.

३१ मार्च. दार उघडलं

भिंगरी. केस विंचरलेत, दुसऱ्या बाजूने भांग. मला बघून म्हणते, कोण हवंय तुम्हाला?

थांब, म्हटलं, लिहून सांगते. ती खाली बसली. बघतेय लिहिताना. अक्षर किती घाण आहे हो तुमचं, म्हणाली. अशीच आहे ती. चिडवल्याशिवाय राहत नाही. आहे अजून आत—

लिहिते. कोण हवंय. तू. तू हवीस. रागीट बाईची चिडवणारी मुलगी हवीय मला.

वाचतेय. ओठ हलतायत.

बाई आल्या मागून. दार लाव, बाळ, म्हणतात. पोर हलली नाही. बाई वाकल्या. माझ्या गुडघ्याने वाकल्या. पेन धरलं. ओढतायत. हात माझाच, उजवा, जोर माझा. माझ्याकडे डावा. सोडत नाही. ओळ वाकडी जातेय जाऊ दे लिहीत राहणार पान फाटलं तरी

पोर ओरडली. आई, असं ओरडली.

कुणाला, ते बघायला थांबले नाही. ओ मी दिली. बाईंच्या आधी. सगळा जिना दणाणला एवढ्याने ओ दिली, आणि ती वळून माझ्याकडे बघून म्हणाली, आई, केवढ्याने ओरडतेस गं—